कळंबला मी काका झालो

ऑक्टोबर २००४ मधला मिशन रविवार. रक्कम चाळीस हजार रुपये. हजर चौघे: मी, माझी पत्नी, आमची थोरली मुलगी जॅसिंता आणि विरारहून आलेल्या कार्मेलीन टीचर. जागा वसईतल्या गिरीज गावच्या आमच्या घराची ओटी, वेळ दुपारच्या जेवणानंतरची. एवढे आधीच लिहून ठेवतो. पुढे जे घडले त्याबद्दल मला स्वतःलाच पुष्कळदा शंका आली आहे, आणि शंका आली की मी आधी पक्क्या असलेल्या गोष्टींकडे परत जातो.

मी एका खाजगी कंपनीत हिशेबनीस. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, मिशन रविवारच्या लिलावाचा हिशेबही बरीच वर्षे माझ्याकडेच आहे. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की देवळाच्या आवारात टेबल मांडतात. वाडीतला पहिला केळीचा घड, दुधी, कोंबडी, अंडी, कुणाच्या घरचा केक असे काय काय लोक आणून ठेवतात, आणि बोली लागते. त्यातून जमलेले पैसे दूरदेशीच्या मिशनकार्याला जातात. आमच्याकडची रीत अशी की वस्तू जिंकणारा पैसे भरतो आणि पुष्कळदा ती वस्तू परत टेबलावर ठेवतो. मग तिच्यावर पुन्हा बोली. त्या सकाळीच एक भोपळा चार वेळा विकला गेला होता. मला ही रीत कधी आवडली नाही. विकलेला माल परत आला तर तो कुणाच्या नावावर दाखवायचा? लोक हसत. म्हणत, "अरे बाबा, तो देवाच्या नावावर दाखव!" मी स्वतः कधी बोली लावली नव्हती. हिशेब ठेवणाऱ्याने बोलीत उतरू नये, असे कारण मी देत असे.

तर त्या दुपारी जॅसिंता म्हणाली की तिला दोन वर्षांसाठी झांबियातल्या एका मिशन दवाखान्यात जायचे आहे. ती नर्स. वय चोवीस. तिच्याबरोबर शिकलेल्या मुली आखाती देशांत गेल्या होत्या आणि त्यांच्या घरांवर दुसरे मजले चढत होते. हिला पगार मिळणार नव्हता. जेवण, राहणे आणि हातखर्च तिकडचे लोक देणार. तिकीट, व्हिसा, लसी आणि तयारीचा खर्च मात्र घरच्यांनी उचलायचा, अंदाजे चाळीस हजार. तयारी कार्मेलीन टीचर करून घेणार. त्या निवृत्त शिक्षिका, अविवाहित, स्वतः बारा वर्षे आफ्रिकेत राहून आलेल्या. विरारच्या चंदनसारला पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत त्या अशा तरुणांचा वर्ग घेत. त्या वर्षी सहा जण होते.

माझ्या मनात पहिला विचार आला तो पास्कोलचा. पास्कोल माझ्या भावाचा मुलगा. त्याने कुवेतच्या नोकरीसाठी एका एजंटला पासष्ट हजार दिले होते. त्या एजंटकडेही पत्र होते, शिक्के होते, गोड बोलणे होते. एके दिवशी त्याच्या ऑफिसला कुलूप लागले आणि पास्कोल नालासोपाऱ्याला रिक्षा चालवू लागला. म्हणून मी टीचरांना सरळच विचारले की संस्थेची नोंदणी आहे का, हिशेब तपासलेले आहेत का, आणि मुलगी परत आली नाही तर जबाबदार कोण. पत्नीने मान खाली घातली. टीचरांनी पिशवीतून कागद काढून पुढे ठेवले. मी ते वाचले. कागद बरोबर होते. पण पास्कोलचेही बरोबरच होते.

"मुलगी तर शिकलेली नर्स आहे," मी म्हणालो. "तुम्ही तिला आणखी काय शिकवणार?"

"द्यायला ती शिकली आहे," टीचर म्हणाल्या. "मी घ्यायला शिकवते."

घ्यायला तर सगळेच शिकवतात, असे मी मनात म्हटले आणि चाळीस हजारांच्या अंदाजाकडे पुन्हा बघितले. शेवटी ठरले असे की तयारी पुरी झाल्यावर मी काय तो निर्णय देईन. तोवर पैसा नाही. जॅसिंताने ते मान्य केले. आईच्या परवानगीने ती जाऊ शकली असती, पण तिला माझाही होकार हवा होता. हे तिने मला एकदाच सांगितले आणि पुन्हा विषय काढला नाही. त्यामुळे तो होकार माझ्या खिशात दगडासारखा पडून राहिला.

नोव्हेंबर-डिसेंबर ती सुट्टीच्या दिवशी चंदनसारला जात राहिली. मी दोनदा न सांगता तिथे गेलो. पहिल्यांदा सगळे जण एकाच भांड्यातून हाताने जेवत होते. दुसऱ्यांदा भिंतीला टेकून नुसते गप्प बसले होते. मी जिन्यात उभा राहून बराच वेळ वाट पाहिली, पण कुणी बोलेना. चाळीस हजारांत गप्प बसायचे शिक्षण, असे मी घरी येऊन म्हणालो. पत्नी म्हणाली, "मग तुमची पण फी भरून टाका."

जानेवारीत तयारीचा शेवटचा भाग आला आणि माझा संशय पक्का झाला. प्रत्येकाने एक पंधरवडा अनोळखी गावात, अनोळखी घरी, वेगळ्या समाजाच्या माणसांत राहायचे. जवळ पैसे ठेवायचे नाहीत. आपले शिक्षण सांगायचे नाही, चर्चचे नाव घ्यायचे नाही. घरातली माणसे सांगतील ते काम करायचे, देतील ते खायचे, हवे असेल ते मागायचे. घरवाल्यांना एवढेच माहीत असे की मुलगी आपल्याकडे पंधरवडाभर राहून आपली रीत शिकणार आहे. आणि नातेवाइकाने उमेदवारासाठी काही मदत घेऊन तिथे जायचे नाही. गेला तर त्या उमेदवाराची त्या वर्षीची पाठवणी रद्द. गावाचे नावही आम्हाला सांगितले नाही. लग्नाच्या वयाची मुलगी पैशाशिवाय कुठल्याशा घरात ठेवायची आणि बापाने पत्ता विचारायचा नाही, हे मला पटेना. ती घरातून निघाली तेव्हा मी वाडीत केळींना पाणी लावत होतो. तिने येऊन आशीर्वाद मागितला. ओल्या हाताने मी तिच्या कपाळावर क्रूस काढला, आणि तेवढ्यात तिच्या पिशवीकडे नजर टाकून घेतली. एकच पिशवी होती.

चार-पाच दिवसांनी पास्कोल आला. "काका, आपली जॅसिंता कळंबच्या बसमध्ये चढताना बघितली मी. कळंबला काय काम तिचं? तिकडे सगळ्या कॉटेजी झाल्यात हल्ली." हे ऐकल्यावर मला चैन पडेना. शनिवारी सकाळी मी पहिल्या मिस्सेला गेलो. मिस्सेला उपाशी जायची मला लहानपणापासून सवय. आईने लावलेली. आता नियम सैल झाला असला तरी माझ्याने काही खाऊन कम्युनियनची पवित्र भाकर घेववत नाही. मधुमेहाची गोळी मात्र मी रोजच्यासारखी उठल्याबरोबर घेतली होती. मिस्सा झाल्यावर घरी येऊन न्याहारी करायची, हा रोजचा क्रम. त्या दिवशी मी घरी आलो नाही. वेदीसमोर गुडघे टेकून मी एकच प्रार्थना केली: प्रभू, यात फसवणूक असेल तर आज मला माझ्या डोळ्यांनी दाखव. खरे सांगायचे तर मला ती फसवणूक असायला हवी होती. म्हणजे मुलगी घरी राहिली असती आणि मी बरोबर ठरलो असतो.

नालासोपाऱ्याहून बसने कळंबला उतरलो तेव्हा ऊन चढले होते. माझा बेत साधा होता. लांबून घर बघायचे, माणसे बघायची आणि परत यायचे. सुरूच्या झाडांमधून मी कोळीवाड्याकडे चालत गेलो. एकीकडे सुट्टीवर आलेल्यांच्या कॉटेजेस, एकीकडे बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील. घरे मला वाटली त्यापेक्षा बरीच जास्त होती. कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण विचारले तर गावभर झाले असते. मी दारे बघत पुढे चाललो. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की मी तेच तेच दार पुन्हा बघतो आहे. कपाळावर घाम आला होता आणि तो गार होता. मी एका कुंपणाला धरून उभा राहिलो आणि मग बहुधा खाली बसलो.

"ए, कोन हाय रं? जागेवाला काय?"

सत्तरीची एक कोळीण समोर उभी होती. हातात सुपली. मी इतरांना निरखतो तशी ती डोळे बारीक करून मला निरखत होती; मला तसे कुणी कधी निरखलेले नव्हते.

"सकालपासून बगते, घरा मोजतोस. हितं जागा नाय इकायची. कालच दोगांना हाकललं."

मी जागेवाला नाही, असे मला सांगायचे होते. तोंडातून शब्द नीट येईना. मग मी कोण, हेही मला सांगता आले नसते. तिने माझ्या तोंडाकडे बघितले आणि तिचा आवाज बदलला. "अग बाय, ह्यो तर पडतोय!" दंडाला धरून तिने मला अंगणात ओढले आणि ओट्यावर बसवले. "पोरी! पानी आन गं, बेगीन!"

घरामागून कळशी कमरेवर घेऊन पोरगी आली. ती जॅसिंता होती.

तो क्षण मी अनेकदा आठवून पाहिला आहे. ती घराच्या कोपऱ्याशी थांबली. मला बघून तिचा चेहरा उतरला आणि लगेच सावरला. मला वाटले, आता ती 'पप्पा' म्हणणार आणि सगळे संपणार. तिची पाठवणी माझ्यामुळे रद्द होणार. मला तेच हवे होते, असे मी सकाळी समजत होतो. पण त्या वेळी माझ्या मनात आले, नको, बाय, म्हणू नकोस. ती जवळ आली, माझ्या कपाळाला हात लावला, नाडी धरली.

"मावशी, साखर दे. मूठभर. लवकर."

साखरेचे पाणी तिने पेल्यात कालवले, माझ्या मानेखाली हात घातला आणि पेला ओठांना लावला. "काका, हळू प्या. घोट घोट."

काका. आमच्या वसईत कुणाही मोठ्या माणसाला मुले काका म्हणतात. खोटे काही नव्हते. पण माझ्या पोटच्या मुलीच्या तोंडून तो शब्द ऐकताना मला जे वाटले, ते कुठल्या शब्दांत लिहू ते मला कळत नाही. मी पाणी प्यालो.

"गोळी घेऊन उपाशी निघालात ना?" तिने विचारले. मी मान हलवली.

"तुला कसा कलला गं?" म्हातारी म्हणाली.

"माझ्या पप्पांना असंच होतं, मावशी."

"मंग बापाला टाकून हितं काय करतेस?"

जॅसिंताने पेला पुन्हा भरला. "ते स्वतःला सांभाळतात, असं मला वाटत होतं."

थोड्या वेळाने माझे डोके ठिकाणावर आले. हिराबायने, म्हणजे त्या म्हातारीने, माझ्यापुढे तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचे कालवण ठेवले. मी सवयीने पाकीट काढले आणि पन्नासची नोट ओट्यावर ठेवली. तिने ती बोटाने परत सरकवली. "हाटेल हाय काय ह्यो? ठेव खिशात, नायतर कोंबडी खाईल." मी म्हणालो, असे फुकट बरे दिसत नाही. ती म्हणाली, "मंग दिसू नको बरा. जेव." मी जेवलो. खिशात साडेतीनशे रुपये असून त्यांचा काही उपयोग होत नाही, असा अनुभव मला आयुष्यात आला नव्हता. मला कुणाचे काही घेतले की ते दुसऱ्या दिवसाच्या आत फेडायची सवय. लग्नातल्या आहेरांचीही परतफेड आम्ही चोख ठेवतो. तिथे फेडायला जागाच नव्हती.

पुढची बस तीनची होती. तोवर मी ओट्यावर बसून होतो. जॅसिंता समोर मांडवावरचे बोंबील उलटत होती आणि ते तिला नीट जमत नव्हते. हिराबाय तिला बोलत होती, "एवडी घोडी झाली, आनी बोंबील उलटता येत नाय. सासूच्या घरी काय करशील?" आणि जॅसिंता हसत होती. घरी तिला कुणी बोललेले खपत नसे. जेवताना ती म्हणाली, "मावशी, अजून अर्धी भाकरी दे ना." इतके साधे वाक्य. पण आमच्या घरात तिने कधी काही मागितल्याचे मला आठवेना. तीही माझ्यासारखीच. शाळेत असतानासुद्धा वहीसाठी पैसे मागायची तिला लाज वाटे, मग मीच पाकिटातून काढून ठेवत असे. त्या अनोळखी घरात ती हात पुढे करून मागत होती आणि मिळाल्यावर हसत होती. हे कुणी तिला शिकवले असेल तर ते फुकट शिक्षण नव्हते. टीचर ओटीवर काय म्हणाल्या होत्या ते मला तेव्हा आठवले.

निघताना ती म्हणाली, "काका, सांभाळून जा. घरी गेल्यावर जेवा वेळेवर." हिराबाय मला वाटेपर्यंत सोडायला आली. वळणावर थांबून म्हणाली, "पोरीचा नाक तुज्यासारकाच हाय. जा, बस चुकल." आणि सुपली हलवत परत गेली.

मी संशयी माणूस आहे आणि तो एका दिवसात बदलला, असे मी लिहिणार नाही. बसमध्ये बसल्याबसल्या मला वाटू लागले की हे सगळे ठरवलेले असेल. एवढ्या घरांतून मी नेमका त्याच कुंपणाला कसा टेकलो? पास्कोलला कुणी सांगून तर पाठवले नसेल? घरी जाऊन मी पास्कोलला उलटसुलट विचारले. त्याला काही माहीत नव्हते. गोळी मी माझ्या हाताने घेतली होती. उपाशी मी माझ्या सवयीने राहिलो होतो. त्यात दुसऱ्या कुणाचा हात दाखवता येईना. मी सकाळी मागितले होते की माझ्या डोळ्यांनी दाखव. जे दाखवले गेले, ते मी मागितलेले नव्हते. याच्यापुढे मला काही मांडता येत नाही आणि मी मांडत नाही.

राहिला प्रश्न नियमाचा. नातेवाईक गेला तर पाठवणी रद्द, असा नियम होता आणि मी गेलो होतो. कुणाला कळले नव्हते. जॅसिंता परत आली, तिनेही माझ्यासमोर त्या दिवसाचा शब्द काढला नाही. चार दिवस मी ते बाळगले. मला गप्प राहून तिला पाठवता आले असते, किंवा सांगून थांबवता आले असते. आता मला तिला थांबवायचे नव्हते, आणि नेमके आताच मला खरे सांगावेसे वाटत होते. शेवटी मी चंदनसारला गेलो. गिरणी चालू होती, त्यामुळे जरा मोठ्यानेच सगळे सांगावे लागले. टीचर पिठाने पांढरी झालेली खिडकी पुसत ऐकत होत्या.

"तुम्ही तिला काय नेऊन दिलंत?" त्यांनी विचारले.

"काही नाही."

"पैसे? खाऊ? औषध?"

"काही नाही. उलट तिनेच मला साखरपाणी पाजलं. भाकरीसुद्धा त्यांचीच खाल्ली."

"मग नियम कुठे मोडला?" त्या म्हणाल्या. "नियम मदत घेऊन जाणाऱ्या नातेवाइकासाठी आहे. तुम्ही तर रिकाम्या हाताने गेलात, भुकेले." मग फडके झटकत म्हणाल्या, "जॅसिंताने मला आल्याबरोबर सांगितलंय. तुम्ही सांगायला याल की नाही, एवढंच बघत होते."

मी तिथेच चेक लिहिला. चाळीस हजार, संस्थेच्या नावे, कोपऱ्यात दोन रेघा मारून. टीचरांनी त्या रेघांकडे बघितले आणि हसल्या. विश्वास बसला तरी रेघा मारायच्या असतात, असे मी म्हणालो.

व्हिसाला बरेच महिने लागले. प्रत्येक महिन्यात मला एकदा तरी वाटले की आता कुलूप लागणार. कुलूप लागले नाही. पुढच्या मिशन रविवारच्या आदल्या आठवड्यात टीचरांनी खर्चाच्या पावत्या आणून दिल्या: छत्तीस हजार आठशे पन्नास. उरलेले तीन हजार एकशे पन्नास त्यांनी पाकिटात घालून परत केले. मी बेरीज दोनदा केली. बरोबर होती. जॅसिंताचे विमान त्यानंतरच्या गुरुवारचे होते.

त्या रविवारी देवळाच्या आवारातल्या टेबलावर केळीच्या घडाशेजारी सुक्या बोंबलांची एक जुडी होती, सुतळीने बांधलेली. जॅसिंता निरोप घ्यायला कळंबला गेली होती. तिने तिथे राहण्याचे आणि आता परदेशी जाण्याचे खरे कारण सांगितले, तेव्हा हिराबायने ही जुडी दिली होती. म्हणाली होती, "तुमच्या देवलात दे. बापाला नको देऊ, तो पैशे काडील." लिलाव पुकारणाऱ्याने जुडी उचलली आणि कुणीतरी पन्नास म्हणाले. मी हिशेबाचे पान शेजारच्याच्या हातात दिले आणि बोली लावली. तीन हजार एकशे पन्नास. आवारात हशा उसळला. "हिशेबनीस बोलले! आज पाऊस पडणार!" पत्नी पदराने तोंड झाकून हसत होती. जुडी माझ्या हातात आली. बोंबलाचा तो वास, आणि समोर जॅसिंता उभी, माझ्याकडे बघत. ती वस्तू आता माझी होती, पैसे मोजून घेतलेली. घरी न्यायला कुणी हरकत घेतली नसती. आजवर या रीतीला मी नावे ठेवली होती. मी जुडी परत टेबलावर ठेवली. हात सुटायला जरा वेळ लागला. पुकारणारा म्हणाला, "पुन्हा बोला!"

ते पैसे मिशनच्या निधीला गेले. पावती मी दुसऱ्याकडून करून घेतली. छत्तीस हजार आठशे पन्नास प्रवासाला आणि तयारीला गेले. एकूण चाळीस हजार, शिल्लक काही नाही. जॅसिंता दोन वर्षे राहून परत आली, आणि तिने ती वर्षे कुठे, कशी काढली ते तिने सांगायचे आहे. मी एवढेच सांगू शकतो की रोज संध्याकाळी रोझरीची माळ म्हणताना मी आधी तिचे नाव घेतो आणि मग हिराबायचे. प्रभूला विचारणे मी सोडलेले नाही, पण उत्तर काय हवे ते आधी सांगणे सोडले आहे. हिराबायच्या भाकरीचे आणि साखरेचे मी आजवर काहीही दिलेले नाही. ते फेडायचे तसेच ठेवले आहे.